मालकाचा रकाना

गेल्या महिन्यात माझ्या मांजरीचा डोळा चिकटायला लागला, तेव्हा भाचीनं मोबाइल काढला आणि इंदूरच्या पलासियातले जनावरांचे सात डॉक्टर माझ्यापुढे मांडले. कुणाला किती तारे, कुणाकडे एसी, कोण कुत्र्यांची नखं कापून वर आंघोळही घालतो, सगळं तिला बसल्या जागी दिसत होतं. "मावशी, हे बघ, याचे रिव्ह्यू एकदम बढिया आहेत," ती म्हणाली. मी म्हटलं, सगळ्यात जवळचा कोण ते बघ, या वयात मला आणि मांजरीला, दोघींनाही लांबचा प्रवास झेपत नाही. मग गेलो. काउंटरवरच्या मुलीनं एक कागद पुढे केला. मांजरीचं नाव, वय, रंग, आणि त्याखाली 'पेट पॅरेंट'चं नाव. भाचीनं समजावलं की हल्ली मालक म्हणत नाहीत, पालक म्हणतात. मी पेन हातात धरून नुसतीच बसले. मागे एक गृहस्थ पिंजऱ्यात पोपट घेऊन उभे होते, ते खाकरले, तेव्हा कुठे मी माझं नाव लिहिलं. भाचीला वाटलं, मला नीट दिसत नाही. मीही तसंच वाटू दिलं.

मी दहा वर्षांची होते तेव्हा अशाच एका रकान्यात माझं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं होतं. आमच्याकडे कुत्री होती. तिला चांगलं इंग्रजी नाव होतं, पण इथे कुणाचंच नाव लिहायचं नाही असं मी ठरवलंय, तेव्हा तिचंही नाही. तसंही ते नाव घरात नीट उच्चारायचे ते फक्त बाबा. आई त्याची पार मोडतोड करून हाक मारायची, आणि कुत्री दोन्ही हाकांना यायची.

आम्ही रामबागेत राहायचो. बाबा इंदूर संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते. शिकारखाना म्हणजे दरबाराच्या शिकारीचा सगळा सरंजाम: बंदुका, तंबू, बैलगाड्या आणि कुत्री. बाबांनी स्वतः आयुष्यात सशावरसुद्धा बंदूक रोखली नव्हती. त्यांचं काम लिहिण्याचं. मानपुरकडे कँप पडला की बाबा खुर्चीटेबल घेऊन एका झाडाखाली बसत आणि कोण आलं, कोण गेलं, कोणतं कुत्रं लंगडतंय, हे मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवत. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं, आणि शिकारखाना बंद पडला. बंदुका जमा झाल्या, तंबू लिलावात गेले, बाबांना जंगलखात्यात एका कोपऱ्यात टेबल मिळालं. कुत्री वाटली गेली. तगडी होती ती म्हूच्या छावणीतल्या फौजी साहेबांनी नेली, देखणी होती ती शेठ लोकांच्या बंगल्यांवर गेली. एक पिल्लू उरलं. कँपातच जन्मलेलं, मागचा एक पाय किंचित आखूड, त्यामुळे ते कुणालाच नको होतं. शेवटच्या दिवशी बाबांचे साहेब त्यांना म्हणाले, "हे सध्या तुमच्याकडे ठेवा."

ते 'सध्या' सहा वर्षं चाललं. साहेब वर्षभरात इंदूर सोडून पुण्याला गेले आणि तिकडेच वारले. ज्या खात्याचं कुत्रं ते खातंच राहिलं नाही. पण बाबांना 'सध्या ठेवा' म्हणून सांगितलं होतं, 'घ्या' म्हणून नव्हे, आणि हा फरक त्यांच्या लेखी फार मोठा होता. कुत्रीच्या पट्ट्याला पितळी बिल्ला होता, त्यावर दरबाराचं चिन्ह आणि नंबर. दर रविवारी बाबा तो चिंचेनं घासून लखलखीत करत. घरी कुणी आलं आणि म्हणालं, "छान आहे हो तुमची कुत्री," की हे लगेच दुरुस्त करायचे, "आमची नाही. दरबाराची. आमच्याकडे ठेवलीय." आई आतून म्हणायची, "सहा वर्षं भाकरी आपली खातेय आणि कुत्री दरबाराची. वाह रे इन्साफ."

आमच्या सगळ्या जातकुळीलाच ही खोड होती, एकट्या बाबांना काय बोल लावायचा. दरबाराची चाकरी केलेली घरं ती. दोनतीन पिढ्या 'आधी विचारून घेऊ' यावर जगलेली. घराला चुना लावायचा तरी विचारून, मुंज करायची तरी वरिष्ठांच्या कानावर घालून. विचारायला वर कुणी उरलं नाही, तरी मान आपली वरच बघायची.

मी मात्र त्या कुत्रीला कुणाची समजत नव्हते, माझ्या लेखी ती नुसती होती, एवढंच. थंडीत ती माझ्या पायांवर झोपायची आणि माझ्या पायांना मुंग्या आल्या तरी मी हलायची नाही. तिच्या कानांमागे भाजलेल्या ज्वारीसारखा वास यायचा. आज इतक्या वर्षांनी, इतकी मांजरं झाली, भाचीचा तो लोकरीच्या गुंड्यासारखा कुत्राही मी मांडीवर घेऊन पाहिला, पण तो वास काही मला परत मिळाला नाही. मी तो शोधते, खोटं कशाला बोलू.

आणि तिचा जीव होता बाबांवर. माझ्यापाशी झोपायची, आईकडून खायची, पण वाट बघायची ती बाबांची. संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की ती उठून फाटकाशी जाऊन बसायची, कारण त्यानंतर थोड्या वेळानं बाबांची सायकल यायची. बाबा उतरत, तिच्याकडे न बघता "हं, चला" म्हणत, आणि ती त्यांच्या सायकलच्या चाकाला लागून पडवीपर्यंत यायची. चार लोकांत ते तिच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवत नसत. दुसऱ्याची वस्तू ना ती.

दिवाळीत माझं उरलेलं उटणं मी तिला लावलं. पोटाला चोळताना मागच्या पायांजवळ बोटाला काहीतरी लागलं, वाटाण्याएवढं. मी आईला दाखवलं. आई म्हणाली, गोचीड असेल. संक्रांत आली तेव्हा त्या वाटाण्याचं लिंबू झालं होतं.

मग घरात डॉक्टर निवडायला सुरुवात झाली. तेव्हा तारे नव्हते. शेजारीपाजारी विचारायचं, आणि प्रत्येक घर एकेक नवं मत तुमच्या पदरात टाकायचं. पलीकडच्या काकू म्हणाल्या, "माणसांना वेळेवर दवा मिळत नाही अन् तुम्ही कुत्रीला डॉक्टर शोधताय, कमाल आहे बाई." समोरच्या मास्तरांनी एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगितलं. बांधलं, तिनं दोन मिनिटांत ओढून खाऊन टाकलं. खरे दवाखाने तीन. एक म्हूचा फौजी, जिथे खेचरं आणि साहेबांची कुत्री जात. बाबांना तोच पसंत होता, दुरून डोंगर साजरे म्हणतात तसा. पण तिथे चिठ्ठी लागायची, आणि चिठ्ठी देणारे सगळे साहेब निघून गेलेले. दुसरे, छत्रीबागेकडे राहणारे रिसाल्यातले एक म्हातारे सलोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य. तिसरा सरकारी गुरांचा दवाखाना. तिथे म्हशींच्या रांगेत उभं राहायचं, आणि तेही दरबाराचा बिल्ला गळ्यात असलेल्या जनावरानं, हे त्यांना कसंसंच वाटायचं.

तेव्हा सलोत्री ठरले, कारण ते आपल्यातले. बाबा, मी आणि कुत्री चालत गेलो. सलोत्री खाटेवर बसून चष्म्याला दोरा बांधत होते. त्यांनी आधी बिल्ला बघितला, त्याला हात लावून कपाळाला लावला. मग कुत्रीला आडवं करून ती गाठ दोन बोटांत घेतली आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले.

"मुनशीजी," ते म्हणाले, "घोडा असता तर मी तुम्हाला परत धाडलं नसतं. हे माझ्या हातचं काम नाही. मी हात घातला तर जनावर हातचं जाईल. ते मवेशी अस्पतालात नवा डॉक्टर आलाय ना, जवान पोरगा आहे, पण त्याचा हात बघितलाय मी. तिकडे न्या. अन् जल्दी न्या."

सोनारानं कान टोचले ते बरं झालं. आईनं हेच सांगितलं असतं तर बाबांनी आणखी महिनाभर विचार केला असता. दुसऱ्याच दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. आवारात चिंचेचं मोठं झाड, त्याखाली जनावर अडकवायचा लाकडी खोडा, चारपाच गायी, पाय सुजलेला टांग्याचा घोडा. डॉक्टर खरोखरच तरुण होते. कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, घाईत असले तरी हात मात्र सावकाश. त्यांनी कुत्रीशी आधी गप्पा मारल्या, मग गाठ बघितली, मग काखेपर्यंत सगळं चाचपलं.

"अभी एक ही जगह है," ते बाबांना म्हणाले. "इसी हफ्ते काट दूँ तो बच जाएगी. देर की तो अंदर चली जाएगी, फिर मेरे बस का नहीं."

मला तेवढं 'बच जाएगी' ऐकू आलं. मी कुत्रीच्या कानात ते सांगितलंसुद्धा. कंपाउंडरनं रजिस्टर उघडलं. बाबांना दुसऱ्याचं अक्षर सहन व्हायचं नाही, त्यांनी "मी भरतो" म्हणून टाक घेतला. जनावर, जात, वय, रंग, झोकात लिहिलं. पुढे रकाना होता, मालकाचं नाव. तिथे बाबांनी लिहिलं, 'दरबार'.

डॉक्टरांनी वाचलं आणि वर बघितलं. "दरबार कहाँ रहा अब, बाबूजी? क्लोरोफॉर्म देना है. जिसका जानवर है उसकी मंजूरी चाहिए, कल को कुछ हो गया तो मेरे सिर आएगी. आप अपना नाम लिख दीजिए."

"मेरी नहीं है, साहब," बाबा म्हणाले. "मेरे पास रखी हुई है."

"छह साल से?"

"जी. मंजूरी मँगवा लेता हूँ."

मी तिथेच उभी होते. दोरी माझ्याच हातात होती. मला सगळं कळत होतं, दहा वर्षांच्या पोरीला कळतं. मी तेव्हा तोंड उघडून नुसतं म्हटलं असतं, 'बाबा, लिहा ना,' तरी कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. पण मीही त्याच घरातली. मोठ्यांच्या बोलण्यात मधे बोलायचं नाही हे मला पाठ होतं. मी दोरी गोळा केली आणि बाबांच्या मागून चालू लागले. कुत्री खुशीत होती, तिला वाटलं फिरायला आलोय.

त्या दिवशी बाबांनी अर्ज लिहिला. तीनदा कच्चा केला, चौथ्यांदा पक्का. 'दरबारच्या मालकीचे व सध्या अर्जदाराकडे ठेवलेले एक मादी कुत्रे, त्यावर शस्त्रक्रिया करण्यास परवानगी मिळावी.' त्यात पायाच्या आखूडपणाचासुद्धा उल्लेख होता. आता हा अर्ज द्यायचा कुणाला? मध्य भारताला दोन राजधान्या, उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. साहेब लोक, नस्त्या, पेट्या, सगळं लटांबर तेव्हा ग्वाल्हेरला. अर्ज ग्वाल्हेरला गेला. आई म्हणाली, "सरकारी काम अन् सहा महिने थांब. त्या गाठीला सांगून ठेवा मग, थांब म्हणावं." बाबा म्हणाले, "अगं, असं बिना पूछे कसं करायचं? उद्या कुणी विचारलं तर?" आई म्हणाली, "कोण विचारणार आहे, नाव सांगा."

वीसेक दिवसांनी अर्ज परत आला. मंजूर होऊन नव्हे. ग्वाल्हेरला कुणाला काही बोध झाला नाही, त्यांनी शेरा मारला की बंद झालेल्या शिकारखान्याचे कामकाज इंदूरला ज्या टेबलाकडे असेल त्याने चौकशी करून अहवाल द्यावा. ते टेबल बाबांचंच. म्हणजे बाबांचाच अर्ज बाबांकडेच चौकशीला आला. हे त्यांनी जेवताना अगदी शांतपणे सांगितलं. आईला हसू आवरेना, ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, सुटलो.

"मग काय लिहिलंत?" तिनं विचारलं.

"लिहिलं की अर्जदाराचं म्हणणं खरं आहे. आदेश व्हावेत. आणि पाठवलं वर."

आईचं हसणं थांबलं. ती ताटावरून उठली आणि दोन दिवस बाबांशी बोलली नाही. आता लोकांना हा किस्सा मी सांगते तेव्हा सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. पण त्या घरात पडवीत एक जनावर स्वतःचं पोट चाटत बसलेलं होतं, ते मला हसतानाही दिसत असतं.

बाबांना तिची काळजी नव्हती असं कुणी समजू नये. ते रोज सकाळी कडुलिंबाच्या पाण्यानं ती गाठ पुसायचे. गाठ किती वाढली ते बघायला त्यांनी एक सुतळी ठेवली होती, ती गाठीभोवती धरून बघत आणि कुणाला काही न सांगता खिशात टाकत. पण मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घालणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं चोरी होती. सगळं जग लुटालूट करत होतं, दरबाराच्या खुर्च्या कुणाकुणाच्या दिवाणखान्यात पोचल्या होत्या, आणि हा माणूस एका लंगड्या कुत्रीपाशी प्रामाणिक राहून बसला होता. मला त्यांचा तेव्हा राग यायचा. आता येतं ते वेगळंच काहीतरी, त्याला राग म्हणवत नाही.

होळी झाली आणि गाठ फुटली. घरात वास पसरला. बाबा ऑफिसला गेल्यावर आईनं धुतलेलं लुगडं नेसलं, टांगा बोलावला आणि मला म्हणाली, "चल. तिला उचल."

टांगेवाला नाक मुरडून म्हणाला, "बाई, कुत्ता टाँगे में?" आई म्हणाली, "भिया, तुम्हारा घोडा बीमार होता है तो कहाँ ले जाते हो? वहीं चलो." वाटेत उतरून त्यानंच कुत्रीखाली गोणपाट घातलं.

डॉक्टरांनी गाठ बघितली आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "डेढ महीना हो गया. कहाँ थे आप लोग?" आईनं मान खाली घातली. मग त्यांनीच स्वतःला आवरलं आणि रजिस्टर उघडलं. "मालिक का नाम?"

आता आईची पंचाईत झाली. आईनं आयुष्यात बाबांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. पण तिची अडचण तेवढीच नव्हती, हे मला पुढे फार उशिरा समजलं. बाबांचं नाव लिहायला लावलं तर त्यांचा शब्द मोडला असता, आणि ती त्यांच्यावर कितीही चिडली तरी त्यांचा शब्द मोडणारी नव्हती. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लडकी का लिखो. इसकी है."

डॉक्टर खाली वाकले. "तेरी है?"

"हाँ," मी म्हटलं. "मेरी है."

त्यांनी माझं नाव विचारलं आणि मालकाच्या रकान्यात लिहिलं. दहा वर्षांच्या पोरीची मंजुरी कोणत्या कायद्यात बसते कोण जाणे. खाली आईनं सही केली, मोडीत, ती डॉक्टरांना वाचताही आली नसेल. मी कुत्रीचे पुढचे पाय धरले. कापसावरचा तो गोडसर उग्र वास आला, तिचे पाय माझ्या हातात सैल पडले, आणि मला बाहेर पाठवलं. आम्ही दोघी चिंचेखाली बसलो. आईनं माझी वेणी सोडून पुन्हा घातली, पुन्हा सोडली, पुन्हा घातली.

डॉक्टर बाहेर आले ते हात पुसत. "जितना निकल सकता था, निकाल दिया," ते म्हणाले. "अंदर भी पहुँच गया है. कुछ हफ्ते समझिए. महीना भर पहले लातीं तो..."

संध्याकाळी बाबा आले तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं. ते घाईनं पडवीत आले. कुत्री पट्ट्या बांधून पडलेली, मी शेजारी. आईनं दारातूनच सांगितलं, "मी दवाखान्यात जाऊन आले. पोरीचं नाव मालक म्हणून लिहिलंय."

"रजिस्टरात?" बाबांनी विचारलं.

"रजिस्टरात."

बाबांनी वाकून पट्ट्याचा पितळी बिल्ला सोडवला, रुमालात गुंडाळला आणि आत नेऊन ठेवला. जमा करायचा म्हणून. तो जमा करून घ्यायलाही कुणी नव्हतं ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाकरी घेऊन पडवीत आले आणि मला म्हणाले, "हिला देऊ का?" मला वाटलं, टोमणा मारतायत. मी तोंड फिरवलं. ते तसेच उभे राहिले, भाकरी हातात धरून. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा टोमणा नाही. रजिस्टरात लिहिलं गेलं होतं. आता मालकीण मी होते, आणि मालकाला विचारल्याशिवाय बाबा काही करत नसत. मी "द्या" म्हटल्यावर त्यांनी भाकरी कुस्करून दिली. मग हे रोजचंच झालं. पट्टी बदलू का? उन्हात नेऊ का थोडं? दहा वर्षांच्या मुलीला तिचा बाप विचारतोय. आई आतून ऐकायची.

मी त्या अधिकारानं फुगले होते. आणि रागही होता, तो दीड महिना माझ्या डोक्यातून जात नव्हता. 'द्या', 'नको', 'नंतर', मी अगदी साहेबासारखी उत्तरं द्यायची.

अर्जाचं काय झालं म्हणाल, तर काही नाही. होही आलं नाही, नाहीही आलं नाही. पुढे मध्य भारत हे राज्यच उरलं नाही, कारभार भोपाळला गेला, आणि आमची नस्ती कुठल्या तरी पेटीत झोपी गेली.

वैशाखातली ती संध्याकाळ. दुपारपासून कुत्रीनं पाणी सोडलं होतं. आईनं पडवीत पाणी शिंपडून गारवा केला होता, मी तिच्याजवळ गोणपाटावर बसून ओल्या फडक्यानं तिचे कान पुसत होते. मिलचा भोंगा झाला. तिनं डोळे उघडले, उठायला बघितलं, जमलं नाही. थोड्या वेळानं सायकल वाजली आणि तिचं शेपूट जमिनीवर एकदा आपटलं. दिवसभरात तेवढंच ते हललं होतं.

बाबा पायरीपाशी येऊन थांबले. टोपी काढून हातात घेतली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी बसू का हिच्याजवळ? थोडा वेळ?"

मी म्हटलं, "नको."

का म्हटलं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांना दुखवायचं होतं. त्यांनी रागवावं, मला बाजूला सारावं आणि येऊन बसावं, असंही कुठेतरी वाटत होतं. पण ते तसं करणारे नव्हतेच.

"बरं," ते म्हणाले, आणि आत गेले.

कुत्रीनं मान वळवली आणि दाराकडे बघत राहिली. मी तिला हाक मारली, तिचं तोंड माझ्याकडे वळवलं, तिनं ते पुन्हा दाराकडे नेलं. मी हट्टानं तिला थोपटत राहिले. दारापासून ती चार पावलांवर होती. दिवे लागायच्या आधी तिचा श्वास थांबला, आणि डोळे दाराकडेच राहिले.

आईला सांगायला मी आत गेले. बाबा दाराला लागूनच्या खुर्चीवर बसले होते. कोट काढला नव्हता, टोपी गुडघ्यावर तशीच होती. इतका वेळ ते तिथेच बसले होते, मी हाक मारीन म्हणून.

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं होते. आम्ही त्या संध्याकाळबद्दल एकदाही बोललो नाही. मला वाटायचं, बोलू कधीतरी, आणि मग ते गेले. आता संध्याकाळी मांजर मांडीवर घेऊन मी गॅलरीत बसते. खाली रस्त्यावर गाड्यांचा नुसता गोंगाट असतो, सायकल कुणी चालवत नाही, आणि भोंगे कधीच बंद झाले. तरी त्या वेळेला माझे कान उगाच टवकारतात. मला वाटतं, एकदाच, एकदाच ते त्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभे राहावेत आणि त्यांनी तेच विचारावं. मी सरकून जागा करून देईन आणि म्हणेन, बसा ना बाबा. मला काय विचारता, तुमचीच आहे ती.